नमुन्याचा केक

— न्हाय साहेब, असं लांबनं दाखवून लगीच खिशात न्हाय घालायचं. कार्ड हातात द्या. वाचू द्या मला. राग आला? येऊ द्या की. कार्ड वाचल्याबिगर ह्या बेकरीत कुठल्याच साहेबाला मी काउंटरच्या आत घेत न्हाय, मग तो पुण्याचा असू द्या न्हायतर दिल्लीचा. थांबा, चष्मा लावते... हां. अन्न सुरक्षा अधिकारी. शिक्का हाय. मुदत हाय. फोटोत मिशी हाय, तोंडावर न्हाय — काढली व्हय? बरं केलंत, त्या मिशीत तुमी कुणाच्यातरी सासऱ्यासारखं दिसत व्हता. आता कसं! या, आत या. त्या स्टुलावर नका बसू, त्याचा एक पाय लंगडा हाय, खुर्ची घ्या. आन् तुमाला बघून मागल्या दारानं सटकला तो चोर न्हवं — ते आमचे मालक. आमच्या पोरीचे, झोयाचे अब्बा. रमजानभाई म्हणून अख्खं सुपं गाव वळखतं त्यांना. उभा जन्म भट्टीसमोर काढला, इस्तवाला भ्याले न्हाईत, पण साहेब म्हणलं की मागलं दार गाठत्यात. त्यांना वाटतं साहेब बघूनच दंड करतो. मी म्हणते, अवो, साहेब बी माणूसच हाय, त्याला बी कायद्यानं हातपाय बांधल्यालं असत्यात — व्हय का न्हाय?

बोला, काय बघायचं? परवाना तो बघा, समोर भितीवर, गिऱ्हाइकाला दिसंल असा. पोरांच्या — कामगारांच्या म्हणते मी — डॉक्टरच्या तपासणीचे दाखले त्या फायलीत. पाण्याचा रिपोर्ट तितंच. वजनकाट्यावर यंदाचा शिक्का हाय, वाकून बघा. अंड्याच्या केकचा चाकू येगळा, बिनअंड्याच्या केकचा येगळा, मुठीला रंग लावलाय बघा, तपकिरी आन् हिरवा. अजून काय? — काय म्हणता? कागद बघायला न्हाय आलात? मग कशापायी एवढ्या उन्हाचं... कोण नागेश?

न्हाय बाई. नागेश-बिगेश कुणी आला न्हाय हितं. तोतया म्हंजे खोटा साहेब? तोबा तोबा! काय दिवस आल्यात! आन् इंदापुरातनं तक्रार आली म्हणता? तुमच्या खात्याचं नाव सांगून दुकानात शिरतो, गळ्यात कार्डाची निळी पट्टी, हातात काळी बॅग, चांगला उंचापुरा — उंचापुरा कुठला वो, माझ्या कानाला लागंल येवढा तर — म्हंजे असंल. मला काय ठावं. मी आपला अंदाज सांगितला. खोटी माणसं बहुतेक बुटकीच असत्यात.

असं काय बघताय? ... बरं. बरं, आला व्हता. एकदा. एकदाच आला व्हता आन् मी त्याला असा पकडला असा पकडला की — ऐकायचंय का तुमाला? मग ते पेन खिशात ठिवा. गोष्ट म्हणून ऐका, जबाब म्हणून न्हाय. ठेवलं? हां.

तर बाजाराचा दिवस. काउंटरवर ही गर्दी. सुप्याचा बाजार म्हंजे टोस्ट-खारीच्या गोणी संपत्यात आमच्या, दम घ्यायला फुरसत न्हाय. त्यात हा आला. पांढरा शर्ट, इस्त्री कडक. पट्टी अशी हालवली आन् छातीवर आपटली, 'एफडीए!' झोयाच्या अब्बांच्या हातनं पावाचा ट्रेच पडला. गिऱ्हाईक पांगलं. आन् काय सांगू साहेब, त्यानं जी झाडाझडती घेतली! परवाना कुठंय — कपाटात. कपाटात का? भितीवर पायजे. खारी कशात बांधून देताय — पेपरात. पेपरात! पेपरच्या शाईत काय काय असतं सांगू का बाई? तुमी लोकांना खारीबरोबर शाई खायला घालताय. कामगाराच्या डोक्याला टोपी कुठंय? पाकिटावर तारीख कुठंय? 'आजच बनवलं' म्हणता, मग आज म्हंजे कधी? पाकिटाला जीभ हाय का सांगायला? तेलाचा डबा जमिनीला टेकवून का ठेवलाय? बया बया बया! मी आपली 'व्हय साहेब, चुकलं साहेब' करत त्याच्या मागनं. खरं सांगते, मला तो शंभर टक्के खराच वाटला. कारण तो जे बोलत व्हता ते सगळं बरोबर व्हतं! एक बी गोष्ट खोटी न्हवती. खोटा तेवढा तोच.

मग म्हणाला, 'नमुना घ्यावा लागंल.' म्हणलं, घ्या साहेब. टोस्ट देऊ, खारी देऊ, नानकटाई देऊ? तो म्हणाला, 'केक.' कुठला? 'पायनॅपल. ताजा पायजे. अर्धा किलो.' म्हणलं बरं. तपासायला ताजा लागत असंल. मी फ्रीजमधनं काढला, खोक्यात घालायला लागले, तर हा जरा घुटमळला. मान खाली घातली आन् एकदम बारीक आवाजात — मघाशी वाघ डरकत व्हता ना, आता मांजर — म्हणतो, 'भाभी, त्याच्यावर नाव घालून मिळंल का?'

हसा! हसा की, दाबू नका. मी बी असंच दाबलं व्हतं. सरकारी नमुन्यावर नाव! मी क्रीमचा कोन हातात घेतला, म्हणलं, 'काय नाव घालू साहेब? प्रयोगशाळेचं?' तर म्हणतो, 'राजनंदिनी.' आता अर्ध्या किलोच्या केकवर राजनंदिनी मावतं व्हय? 'राजनं' पातूर आले आन् काठ लागला. 'हॅपी बर्थडे' तर अजून घालायचंच व्हतं. म्हणलं, 'साहेब, नमुना एक किलोचा घ्यावा लागंल, सरकारची राजनंदिनी मोठी हाय.' तो म्हणतो, 'चालंल.'

तितं माझ्या टाळक्यात उजेड पडला. पण वरडले न्हाय. झोयाच्या अब्बांना सांगितलं असतं तर त्यांनी एकतर त्याचे पाय धरले असते न्हायतर बाजारातली चार माणसं बोलवून त्याला तुडवला असता, भ्यालेल्या माणसाचं काय सांगता येतंय. मी म्हणलं, 'साहेब बसा, मोठा केक आतनं आणते.' आन् भट्टीकडं जाऊन पोरीला फोन लावला. झोया आमची, पुण्यात वकिली शिकती. ती वर्गात. कुजबुजती, 'अम्मी, काय गं?' म्हणलं, 'बाळा, नमुना घेत्यात तो कसा घेत्यात?' तिला वाटलं मी खुळावले. पण सांगितलं बिचारीनं. पैला लेखी नोटीस द्यायची. साक्षीदार ठेवायचा. नमुन्याचं मोल साहेबानं दुकानदाराला मोजायचं — हे मला आजवर कुणीच बोललं न्हवतं बरं का, न्हायतर किती साहेब किती नानकटाई घेऊन गेले! आन् नमुन्याचे चार भाग करायचे, चारी सील करायचे, सीलावर दुकानदाराची बी सही. त्यातला एक आपल्याला वाटलं तर दुसऱ्या लॅबला पाठवा म्हणायचा आपला हक्क. म्हणलं बास, फोन ठिव, शीक तू.

मग मी निघाले बाहेर. एका हातात केक, वर 'हॅपी बर्थडे राजनंदिनी', बाजूनं गुलाबाची फुलं काढलेली. दुसऱ्या हातात ही लांब सुरी. आन् काखेत चार बरण्या, लोणच्याच्या, धुतलेल्या. काउंटरवर सगळं मांडलं. म्हणलं, 'साहेब, नोटीस काढा. साक्षीदाराला समोरच्या नागरे चप्पलवाल्याला बोलावते. कायद्यानं चार भाग करायचे ना? करते. राज — नं — दिनी — आन् बर्थडे बरणीत येगळा.' आन् सुरी टेकवली मी केकवर.

साहेब, त्यानं माझा हात धरला. असा घट्ट. म्हणाला, 'कापू नका भाभी. तेवढं कापू नका.' आन् डोळ्यात पाणी. मी सुरी बाजूला ठिवली. झोयाचे अब्बा तर पुढं येऊन त्यालाच पाणी देत्यात! मघापासनं ज्याला भीत व्हते त्यालाच. म्हणलं, 'खरं बोल. कोण तू?'

पणदऱ्याचा पोरगा. घरचा ऊस, थोरल्या भावाच्या हातात. हा शिकला, दुधाच्या पदार्थांची काय ती पदवी घेतली, आन् पुण्यात जाऊन परीक्षा देत बसला. कसली परीक्षा? तुमची! तुमी जी पास झालात ना, तीच. अन्न सुरक्षा अधिकारी. सगळा कायदा पाठ, कलमं पोटात, आन् दर बारीला काठावरनं माघारी. मध्येच लग्न ठरलं. सासरा वालचंदनगरच्या कॉलनीतला, कंपनीतनं रिटायर झालेला, त्याला जावई सर्विसवालाच पायजे. तवा निकाल लागायचा व्हता. हा बोलून गेला, 'झालो पास.' एकदा तोंडातनं गेलं ते गेलं, मग परत कसं गिळायचं? लग्न झालं. मग रोज सकाळी डबा घेऊन निघायचं, पट्टी गळ्यात. ऑफिस न्हाय, तर जायचं कुठं? बारामतीच्या स्टँडवर बसून बसून कंटाळला, मग एक दिवस असाच एका डेअरीत शिरला, दोन नियम सांगितले, तर मालक घाबरून उभा ऱ्हायला. त्याला चढलं ते. पण पैसा कुणाकडनं घेतला न्हाय हं त्यानं! नमुने घ्यायचा फक्त. श्रीखंडाचा नमुना, फरसाणचा नमुना. बायकोला सांगायचा, दुकानदारांनी प्रेमानं दिलं. तिला वाटायचं, काय मान हाय माझ्या नवऱ्याला!

आन् त्या दिवशी तिचा वाढदिवस. लग्नानंतरचा पैला.

आता तुमीच सांगा, मी काय करायला पायजे व्हतं? पोलीस चौकी चार पावलावर. झोयाचे अब्बा माझ्या तोंडाकडं बघत्यात. मी म्हणलं, केक घेऊन जा. पण दोन अटी. एक, मघाशी जे जे नियम मला झापून सांगितले ते सगळे आता गोडीनं सांग, बस हितं. बसला की! खारी खात बसला आन् सांगत गेला, मी इचारत गेले. टोस्ट सुटा विकला तर काय, पाकीट केलं तर काय लिहायचं, कुणी म्हणलं तुमच्या केकनं पोट बिघडलं तर काय करायचं, नोटीस आली तर काय. आमच्या ह्यांनी एक नोटीस उशीखाली ठिवली व्हती, उघडलीच न्हवती, म्हणायचे उघडली की लागू व्हते! तो नागेश कपाळावर हात मारून म्हणतो, 'चाचा, न उघडता बी लागू व्हते. मुदतीत दोन ओळीचं उत्तर दिलं असतं तर मिटलं असतं.' वकिलानं ह्याची फी घेतली असती. मी एका केकात सगळं काढून घेतलं. कुणी कुणाला फसवलं सांगा!

आन् दुसरी अट, घरी जाऊन बायकोला खरं सांगायचं. आजच. 'न्हायतर मी येते सांगायला,' म्हणलं, 'पणदरं काय लांब न्हाय मला.' तो गेला. जाताना दारात थांबला, म्हणाला, 'भाभी, घरी कळलं तर मला तोंड दाखवायला जागा ऱ्हायची न्हाय.' मी म्हणलं, जा, जागा सापडती. कामाच्या गडबडीत म्हणून गेले. पण साहेब, तो गेल्यावर ते वाक्य काय माझ्या डोक्यातनं जाईना. पोरगं उसाच्या गावचं, हिरींना तोटा न्हाय तितं, काय करून घेतलं तर? मी असं का लोटलं त्याला? सकाळ झाली, मी वाट बघती, येतो का सांगायला. दुपार झाली. न्हाय आला. फोन लावला तर बंद. मग मात्र भट्टी तशीच सोडली. झोयाच्या अब्बांना म्हणलं, काढा स्कूटर. खारीचं एक पाकीट घेतलं, नुसतं कसं जायचं परक्याच्या दारात, आन् सगळ्या रस्त्यानं माझा एकच धावा — या अल्ला, पोरगं नीट असू दे, परत कुणाला नियम सांगायची न्हाय मी.

घर सापडलं. अंगणात ही बाई उभी. ताठ. डोळे सुजलेले पण ताठ. म्हणली, 'तुमीच का जरिनाभाभी?' म्हणलं, व्हय. 'नागेश कुठंय?' तर बोट केलं आत. हा पडवीत बसलाय गुडघ्यात मान घालून. जिवंत! मला इतकं हायसं वाटलं की तितंच पायरीवर बसले. मग ती राजनंदिनी बोलायला लागली. म्हणली, 'खोटं बोलले त्याचा राग हाय मला. पण त्याहून जास्त राग कशाचा हाय सांगू? हे पास झाले म्हणून मी अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. क्वार्टर-क्वार्टर फिरून. ते आता कसं परत मागायचं, भाभी? लोकांच्या पोटातनं काढू?' तिचं बरोबरच व्हतं. म्हणलं, 'केक खाल्ला का?' म्हणली, 'न्हाय. फ्रीजमध्ये हाय. ह्यांना खरी नोकरी लागंल तवाच कापीन. तोवर हात लावणार न्हाय.'

आता साहेब, मी बेकरीवाली. मला गप बसवतंय व्हय? म्हणलं, 'बाळा, क्रीमचा केक हाय. उद्यापातूर टिकंल. सरकारी नोकरीपातूर न्हाय टिकायचा.' मला वाटलं चिडंल. तर तिनं माझ्याकडं असं बघितलं, नीट वरनं खाली, आन् म्हणली, 'मग तुमी द्या नोकरी. आजच द्या.'

अशी अडकले मी! मला, जरिनाला, तिनं दोन वाक्यात अडकवलं. केक खराब होऊ नये म्हणून मी माणूस कामाला ठिवला, ऐकलंय का कधी? झोयाचे अब्बा मागनं हळूच, 'ठिव, ठिव.' तितंच केक कापला. पैला तुकडा तिनं मला दिला, दुसरा झोयाच्या अब्बांना. नवऱ्याला शेवटी. आन् लहान.

— काय? ... कामाला ठिवला असं म्हणलं मी? तोंडातनं गेलं व्हय. म्हंजे ठिवला व्हता. तवा. थोडे दिवस. आन् तुमी पेन काढलं पुन्यांदा! मी म्हणलं व्हतं ना लिहायचं न्हाय? काय लिहिलंय ते वाचून दाखवा. वाचल्याबिगर मी कशावरच सही करत न्हाय, कोऱ्या कागदावर तर न्हाईच. वाचा... 'सदर इसमास आश्रय दिला.' आश्रय काय! तो दरोडेखोर हाय का? खोडा ते. 'रीतसर कामावर ठेवले' असं लिहा. नेमणुकीचं पत्र दिलंय त्याला, काम लिहून, पगार लिहून, सुट्टी लिहून, दोघांच्या सह्या. तोंडी शब्दावर माणूस ठिवायचा न्हाय, उद्या दोघांच्या बी आठवणी बदलत्यात — हे बी त्यानंच शिकवलं, सवताच्याच नेमणुकीला!

आन् आता मी तुमाला एक इचारते. मोरगावापासनं हितवर येताना दुकानं बघितली ना? परवाने भितीवर, कुणाकडं बी पेपरात भजी न्हाय, डब्यावर तारखा. मागल्या येळी तुमच्या खात्याचे साहेब आले व्हते तवा असं व्हतं का? न्हवतं. मग हे केलं कुणी? तुमच्या पाट्यांनी? त्याला मी म्हणलं, जितनं जितनं नमुने आणलेस, तितं जायचं, मान खाली घालून खरं सांगायचं, आन् त्या दुकानाचे कागद फुकटात नीट करून द्यायचे. गेला. एकानं कानफाटीत दिली, खाऊन घेतली, आन् मग त्याचाच परवाना करून दिला. आता बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारचं दुकानदार हितं मैद्याच्या गोण्यांवर बसत्यात आन् हा सांगतो. साहेब आला तर पळू नका. कार्ड वाचा. तपासणी झाली की काय लिहिलंय ते वाचा, न पटणारं असंल तर तसं लिहून मग सही करा, प्रत मागून घ्या. साहेबाशी भांडू नका आन् साहेबाला पाकीट बी देऊ नका, दोन्हीनं आपणच गोत्यात येतो. नोकर काढायचा तर रागाच्या दिवशी काढू नका. भागीदार सख्खा भाऊ असला तरी कागद करा, भाऊ असला तर आधी करा. नागरे चप्पलवाला पैल्या रांगेत असतो, त्याचा खायच्या मालाशी काय संबंध न्हाय तरी येतो.

इंदापूरवाला तेवढा ऐकंना. श्रीखंडवाला. त्याच्याकडं बी गेला व्हता नागेश, दोनदा गेला, त्यानं दारातनं हाकलला. त्यानंच तक्रार केली असणार. तुमी सांगू नका, मला कळतंय. त्याचा बी राग खरा हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. फसवलं की फसवलं.

पण साहेब, तुमी खायच्या खात्याचे. तोतयाला धरायचं काम पोलिसांचं. तुमी फार तर त्यांना कळवायचं. व्हय ना? आन् कळवायचं तर कुणी फसलेला पायजे. माझा जबाब लिहा, आता लिहा खुशाल — पायनॅपलचा केक मी राजीखुशीनं भेट दिला, फसवून न्हाय, जरिना रमजान. बाकीच्या दुकानात बी जाऊन या, सगळी हेच सांगतील. न्हाय वो, पढवलं कशाला, आपसूकच सगळ्यांना भेटी आठवल्यात!

तो आता? तो न्हाय हितं. गेला. सोडून गेला काम. नाशकाकडं कुठंतरी, द्राक्षांच्या कंपनीत चांगली जागा मिळाली त्याला, बायकोला घेऊन गेला, पत्ता काय मला ठावं न्हाय, फोन बी बदलला त्यानं. आत? आत कुणी न्हाय. तो आवाज लेबलं चिकटवायच्या मशीनचा. आपोआप चालती. नवी हाय. तुमी बसा, उठू नका, भट्टीकडं लई धग हाय, तुमाला सोसायची न्हाय...

आत जा. नागेश, आत जा म्हणते ना! कुणी बोलावलं तुला? ... साहेब, हा माझा भाचा. ह्याचं नाव — गप, तू बोलू नको, मी बोलतीय ना! — साहेब, हे पोरगं खुळं हाय, काय पण सांगतं, त्याचं ऐकू नका. काय 'नागेश मीच'? तुला कुणी इचारलं? एवढा येळ मी घसा कोरडा करून नाशिकपातूर पोचवला तुला, आन् तू मैद्यानं भरल्या हातानं येऊन उभा ऱ्हातोस!

... काय म्हणालात साहेब? त्याच्याशी न्हाय, माझ्याशी बोला. ... बरं. ... तक्रारदार एकच हाय. बरं. त्यानं तक्रार मागं घेतली तर तुमच्याकडनं विषय संपला, न्हायतर पोलिसांकडं जाणार. मग सोपं हाय की! मी बघते त्या श्रीखंडवाल्याकडं. तुमी निघा आता, ऊन उतरायच्या आत पोचाल. नमस्कार. या पुन्यांदा, कागद बघायला या.

तू कुठं निघालास? ... इंदापूरला? साहेबांबरोबर? आन् काय सांगणार त्याला? ... 'तिसऱ्यांदा मान खाली घालतो. न्हाईच ऐकलं तर तितनंच चौकीत जाऊन सगळं लिहून देतो.' अरे, ते लिहून दिलं की जन्माला लागतं! तूच शिकवलंस ना, सहीच्या आधी इचार करायचा? ... केलास? कधी केलास? ... राजनंदिनी बी हेच म्हणली?

...

बरं.

अवो! झोयाचे अब्बा! या आता मागल्या दारानं आत, कुणी खात न्हाय तुमाला. शटर ओढा. व्हय, बंद. आज बेकरी बंद. गिऱ्हाइकाला सांगा, उद्या या. नागेश, हात धू आधी, असा मैद्याचा जातोस व्हय लोकांच्या दारात? न्हाय साहेब, तुमचं काय न्हाय, तुमी बसा गाडीत. आमी मागं बसतो. सरका जरा. तिघं मावतो आमी.